ज्याचं त्याच्या नावावर

धुळे, रविवार रात्र.

आज एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं. केळीच्या बाजारभावावरचं. संगणकी तपासणीत इतर लिखाणाशी साम्य अवघं ४ टक्के, म्हणून ती निर्धास्त. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, हे खरं. पण ती तपासणी जुळणारे शब्द मोजते. चॅटजीपीटीनं दुसऱ्याचा विचार नव्या शब्दांत मांडून दिला की टक्का उतरतो, उचलेगिरी तशीच राहते. तळटिपांतले दोन लेख तर मला कुठेच सापडले नाहीत. कधीच न लिहिलेल्या लेखांनाही हे यंत्र लेखक आणि वर्ष बहाल करतं!

इतिहासाचार्य राजवाडे आठवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे करताना ते दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडले, मूळ कागद स्वतः वाचले. १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो इथे, धुळ्यातच. आणि जळगावचं विद्यापीठ ज्यांच्या नावानं आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. तरी आईची उतरवून ठेवलेली गाणी १९५२ साली छापली गेली ती आईच्याच नावानं. श्रेय देणं खानदेशानं आणखी कोणाकडून शिकायचं?

यंत्राला विचारायला माझी ना नाही. इंग्रजी लेख समजून घ्यायला आमच्या खेड्यांतल्या मुलांना त्याचा मोठा आधार आहे. फक्त मुलांनो, त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा, मग आपल्या शब्दांत लिहा, मूळ लेखकाचं नाव द्या आणि यंत्राची मदत कुठे घेतली ते मार्गदर्शकांना आधीच सांगा.