पाच दिवसांची कादंबरी

शिक्षक मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत कोपरगावात घरी बसून मी कादंबरी लिहायला घेतली. शाळा उघडायच्या आत संपवायचीच! रोज सकाळी कालचं पान खोडायचो. आठ दिवसांत भरली नऊ पानं.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला 'श्यामची आई' सुरू केली आणि १३ ला पहाटे संपवली. पण आई १९१७ सालीच गेलेली. आठवणी तेव्हापासून मनात मुरत होत्या. त्यातला श्यामही रोज रात्री गोष्ट तोंडानेच सांगतो ना?

आता वर्गात निबंधाआधी दहा मिनिटं मुलं शेजाऱ्याला गोष्ट सांगतात. गोंगाट होतो खरा. लिहिताना खोडरबर दप्तरात.

माझी कादंबरी? रोज रात्री लेकीला एक प्रसंग सांगतोय. ती मध्येच झोपली, की तो कच्चा.