गळिताच्या हंगामातील सुट्टी

दिवाणी न्यायालयांना वर्षातून तीन दीर्घ सुट्ट्या असतात: उन्हाळ्याची, दिवाळीची आणि नाताळची. पहिल्या दोहोंवर लग्नकार्यांचा, पाहुण्यारावळ्यांचा आणि सणावारांचा हक्क पूर्वापार चालत आलेला असतो. इंग्रजी अमदानीने कचेऱ्यांच्या पदरात टाकलेल्या तिसरीवर मात्र आमच्या घरात कोणीच दावा सांगत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती मला सर्वांत प्रिय आहे. यंदा घरची मंडळी मुलीकडे बंगळूरला गेली, अशिलांच्या तारखा जानेवारीत पडल्या, आणि मी पुण्यातले दप्तर बांधून ठेवून, मंचरहून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्याने पारगावास येऊन, एरवी वर्षभर बंद असणाऱ्या वडिलोपार्जित घराचे कुलूप काढले. पारगावे या मुलुखात एकाहून अधिक आहेत, त्यामुळे महसुली दप्तरात त्यांच्या नावाला तर्फेचा उल्लेख जोडावा लागतो. जुन्नर तालुक्यातले ते आळे तर्फेचे, आणि आमचे आंबेगाव तालुक्यातले, अवसरी बुद्रुक तर्फेचे, घोड नदीच्या काठचे.

एकट्याने राहू लागले की घर हळूहळू बोलके होते. माजघरातील देवळीत तेलाच्या धुराचा थर अजून आहे. ओटीवरच्या लाकडी खांबाला, आजोबा ज्या उंचीवर पाठ टेकून बसत त्या उंचीवर, एक गुळगुळीत तकाकी आहे. आणि सकाळी साडेआठच्या सुमारास उन्हाचा एक चौकोन उंबरठा ओलांडून आत येतो, तेव्हा त्याच्या सरकण्याबरोबर आपणही घोंगडी सरकवीत बसावे, यापलीकडे त्या प्रहरी दुसरे कर्तव्य उरत नाही. दुपारी मी शेंगोळी केली. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची आणि जिरे यांचे वाटण घालून ते घट्ट मळायचे, तेलाचा हात घेऊन दोन तळव्यांमध्ये त्याच्या करंगळीएवढ्या वळ्या करायच्या आणि खळखळणाऱ्या फोडणीच्या पाण्यात एकेक सोडायची. हे काम एका माणसासाठी करू नये असे आमची आई म्हणे, कारण वळणाऱ्या हातांची संख्या वाढली तरच गप्पा वाढतात. परंतु मला ते एकट्याने करताना तिच्या हातांची गती स्वतःच्या हातात उतरल्यासारखी वाटली, आणि त्या वासाने भरलेल्या स्वयंपाकघरात मी किती तरी वेळ नुसता उभा राहिलो.

असा एकांत मनसोक्त उपभोगीत असताना एक गोष्ट ध्यानी आली आणि मग ती मनातून जाईना: या गावात, या ऋतूत, सुट्टीवर असलेला मी एकटाच होतो. आपल्याकडे शेतकऱ्याची उसंत चैत्रातल्या जत्रायात्रांची असते. मार्गशीर्ष-पौष हे येथे कष्टांच्या ऐन भराचे दिवस आहेत, आणि दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे गाळप एकदा सुरू झाले की पंचक्रोशीची झोप त्याच्या भोंग्याने तुकड्यातुकड्यांत वाटली जाते. पहाटे चारच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढे चुली पेटतात. बीडकडून आणि नगरच्या कोरडवाहू भागातून आलेली ही माणसे मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन येतात, आणि हिशेबात नवराबायको मिळून एकच कोयता धरला जातो. दिवस खाडा झाला तर तो त्या दोघांच्या नावावर चढतो. आमच्या घरामागच्या फडात मी एका बाईला पाहिले: चुंबळीवर उसाची मोळी तोलून ती ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढत होती, फळी तिच्या प्रत्येक पावलागणिक लवत होती, आणि खाली पाचटावर बसलेली तिची लहानगी मुलगी, विकावयाच्या वाढ्यांच्या पेंढ्यांना बंद आवळताना, आईचा पाय फळीवर पडेपर्यंत दर वेळी हात थांबवीत होती.

ऊस येथे पिकला तो डिंभे धरणाच्या पाण्यामुळे. त्या धरणाच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा तो गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली गेले. हिरव्या समृद्धीकडे पाहताना हे आठवले पाहिजे असे मला वाटते.

आणि या उसातच बिबट्या राहतो. बारा ते अठरा महिने उभे राहणारे ते गर्द रान त्याला आडोसा देते, जवळच पाणी असते, वस्त्यांवरची कुत्री आणि शेळ्या भक्ष्य म्हणून मिळतात. माद्या तेथेच विणतात आणि तोडणीच्या वेळी कोयत्यापुढे पिल्ले सापडतात. मग वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसे येऊन त्यांना तपासतात आणि त्याच शेतात पुन्हा ठेवतात. बहुधा रात्री आई येऊन घेऊन जाते. पण अलीकडच्या वर्षांत या पट्ट्यात माणसांवरील हल्ल्यांनी घरे उद्ध्वस्त केली आहेत, आणि लहान मुले गेली आहेत. म्हणून येथे ‘एकटे’ या स्थितीला पुण्यातल्याहून निराळा अर्थ आहे. अंधारात एकट्याने जाऊ नये, हातात बॅटरी आणि काठी असावी, मोठ्याने बोलत चालावे, हे पोराटोरांनाही पाठ असते. जो एकांत मी मोठ्या हौसेने कुलूप उघडून मिळविला, तो माझ्या चुलतभावाला नको असतो. आणि तरीही तो त्याच्या वाट्याला येतो, कारण शेतीपंपांची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते.

हिवाळ्याची स्वच्छ रात्र या भागात किती जणांना जागी ठेवते याचा मी ओटीवर बसून विचार केला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी आकाशाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येणारे क्षीण रेडिओ तरंग टिपणारे शास्त्रज्ञ जागे. कारखान्यात पाळीवरचे कामगार जागे. आणि कांद्याच्या वाफ्यांत, गुडघ्यापर्यंत गारठलेल्या चिखलात, दारे धरणारा शेतकरी जागा. पहिल्या दोघांच्या जागरणाला कामाचे कारण आहे. तिसऱ्याच्या जागरणाला कांद्याचे काही कारण नाही. रोपाला पाणी दिवसा दिलेले चालते, किंबहुना अधिक मानवते. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली दिवसा वीज मिळावी म्हणूनच निघाली. जेथे बिबट्याचा वावर आहे तेथील प्रत्येक फीडर तीत सर्वांआधी यावा, आणि तोवर रात्रीची पाळी या पट्ट्यातून वगळावी, अशी मागणी येथील लोक करीत आले आहेत. ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते, आणि कायद्याच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने तिच्या बाजूने बोलले पाहिजे, असेही वाटते.

त्या दिवशी तिन्हीसांजेला वहिनी भाकरी आणि ताजे लोणी घेऊन आल्या. “भाऊजी, एकटेच जेवणार होय? आणि आज आमची लाईट बाराची हाय बरं का,” एवढेच म्हणाल्या. त्यात बोलावणे नव्हते, तक्रारही नव्हती. मी लोकरी टोपी आणि मोठी बॅटरी काढून ठेवली, आणि बारा वाजता चुलतभावाबरोबर निघालो. तो फावड्याने एका वाफ्याचे दार बांधून दुसऱ्याचे फोडी. मी बांधावर उभा राहून उसाच्या कडेकडेने प्रकाश फिरवी. आणि आवाज सतत राहिला पाहिजे म्हणून, ज्याने मौनासाठी एवढा प्रवास केला होता तो मी, वाटपाच्या दाव्यांच्या हकिगती उंच स्वरात सांगत राहिलो: दोन भावांनी एका विहिरीपायी कोर्टात घालविलेली वर्षे, हरवलेले फेरफार, खोटे ठरलेले मृत्युपत्र. ऊन अंगावर घेत घालविलेल्या त्या सकाळी मला प्रिय होत्या, आजही आहेत. परंतु सुट्टीचा पुढील काळ मी दिवसा घरात आणि त्याच्या पाळीच्या रात्री शेतात असा वाटून टाकला, आणि त्या वाटणीत माझे काही कमी झाले नाही.

पाणी शेवटच्या वाफ्यात पोचले, मोटर बंद केली, तरी विहिरीचा दावा अर्धाच राहिला होता. फावडे खांद्यावर टाकून भाऊ म्हणाला, “दादा, पुढं काय झालं? इहीर कुणाकडं राहिली?” आणि घरापर्यंतच्या वाटेवर मी अपिलाचा निकाल सांगायला सुरुवात केली.