कर्णा

दहावीनंतर मी शेतीत पडलो. जोडीला चार पैसे मिळावेत म्हणून १९८३ साली कांद्याच्या पैशातून दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, टेप आणि बॅटरी घेतली. लग्न, जावळ, सत्यनारायण, सगळीकडं माझाच कर्णा. कॅसेटी पन्नास-साठ होत्या. पण झिजल्या त्या प्रल्हाद शिंद्यांच्याच. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची.

इतरांचा आवाज कर्ण्यातून चिरका यायचा. ह्या माणसाचा गळा मात्र मोकळ्या रानासाठीच घडवलेला. वरच्या पट्टीत उचललेला सूर खाली न पडता मैलभर जायचा. रानात दारं धरणाऱ्याला शब्द न् शब्द कळायचा. आमचे अण्णा माळकरी. 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागलं, की हातातलं खुरपं थांबायचं. म्हणायचे, "इठ्ठलाला हाक मारावी तर आशी."

प्रल्हाददादा मूळचे मंगळवेढ्याचे, आमच्याच मुलखातले. चोखोबांचंही मंगळवेढंच. गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखोबा तिथं गेले आणि समाधी मिळाली ती पंढरीच्या देवळाबाहेर, पायरीशी. देऊळ त्यांच्या लोकांना उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपास धरावा लागला. हे गावाला माहीत होतं. विठ्ठल गाणारा हाच गळा बाबासाहेबांचीही गाणी गातो, हेही माहीत होतं. पण गावात कॅसेट वाजायची ती एकाच बाजूची.

१९८५ च्या एप्रिलात वस्तीवरचे मामा आले. आमच्या विहिरीचं निम्मं खोदकाम त्यांच्या हातचं. म्हणाले, "चौदा तारखंला कर्णा पायजे, मालक. भाडं रोख देतो. कॅसेट आमची हाय." पिशवीतून कॅसेट काढून दाखवली. प्रल्हाददादांचीच, भीमगीतांची.

मी म्हणालो, "मामा, बॅटरी उतरलीया."

बॅटरी आदल्या दिवशीच तालुक्याहून भरून आणली होती. तसं मला कुणी 'देऊ नको' म्हणालं नव्हतं. पण गाव काय म्हणेल, उद्या सुपाऱ्या तुटल्या तर, हे मीच मनात घोळवलं. मामांनी बॅटरीकडं एकदा बघितलं. "बरं," म्हणाले आणि कॅसेट पिशवीत ठेवली.

त्याच रात्री गावात एक हळद होती. त्याच बॅटरीवर मी त्याच गळ्याची गाणी लावली. आवाज वस्तीपर्यंत गेला असणारच.

पुढं वीस वर्षं गेली. डीजे आले, कर्णे माळ्यावर पडले. २००४ च्या जूनमध्ये आषाढी पाच-सहा दिवसांवर होती, पालख्या वाटेवर होत्या. २३ तारखेला प्रल्हाददादा गेले. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर एकानं पेपर मोठ्यानं वाचला. चहावाल्यानं रेडिओ बंद केला. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता ऐन वारीत असा आवाज बंद व्हावा!" त्या रात्री ते जेवले नाहीत.

संध्याकाळी कळलं, वस्तीवर समाजमंदिरात शोकसभा आहे. मी माळ्यावरून कर्णे उतरवले, धूळ पुसली, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली आणि सायकलला बांधून निघालो. कुणी बोलावलं नव्हतं.

मामा दारातच बसले होते. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण मला आवाजावरून ओळखलं. "कर्णा आणलाय, मामा," म्हणालो. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बॅटरी भरलीया न्हवं?"

बाकीच्यांना तो साधा प्रश्न वाटला. मला वर बघवेना.

मामांनी तीच कॅसेट आणायला लावली. वीस वर्षं जपलेली. आधी भीमगीतं लागली. बाया डोळे पुसत होत्या आणि ओठांनी गातही होत्या. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. रडणारी माणसं तोंडभरून गाताना मी पहिल्यांदा बघितली. मागं बघतो तर अण्णा काठी टेकत आलेले. जन्मात कधी वस्तीवर न बसलेला माणूस पोत्यावर बसला. मामांनी मला खूण केली, "आता त्यांचं लाव." मी 'पाऊले चालती' लावलं. अख्खी वस्ती ते गायली, अण्णांपेक्षा चोख. त्यांना ते कधीपासून पाठ होतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

आता अण्णा नाहीत, मामा नाहीत. प्रल्हाददादांची पोरं आनंद-मिलिंद गाजली, नातू आदर्श गातो. माझा नातू मोबाईलवर त्यांना ऐकतो. कर्णा मात्र मी विकला नाही. आषाढीला देवळात आणि चौदा एप्रिलला वस्तीवर, दोन्हीकडं जातो. भाडं घेत नाही. मामांची माफी मागायची मात्र राहून गेली.