सेंट मेरीचं वळण

मैत्रिणींनो, विलायतेला गेलेली बाई राजवाडे, बागा सोडून मोटारींची शर्यत बघायला गेली, असं ऐकलं तर तुम्ही हसाल. खरं सांगू? मीही हसलेच होते!

2023 च्या सप्टेंबरात मी पोर्टस्मथला भावाकडे गेले होते. पण मन मात्र घरी अडकलेलं. निघण्याच्या आठच दिवस आधी आमचे मामंजी मंडईच्या कोपऱ्यावर स्कूटरवरून पडले होते. खरचटण्यावर निभावलं, पण वय 78, नजर अधू झालेली. "आता स्कूटर पुरे," असं ह्यांनी नुसतं सुचवलं, तर घरात दोन दिवस अबोला! चाळीस वर्षं जी स्कूटर चालवली ती सोडा म्हणजे त्यांना 'आता कोपऱ्यात बसा' असंच ऐकू येत होतं.

अशात वहिनी म्हणाली, "शेजारच्या आजोबांनी गुडवुडची तिकिटं काढून ठेवलीयत, तुझंसुद्धा." म्हटलं, चला!

गुडवुड हे ससेक्स परगण्यात, चिचेस्टर गावाजवळ. दुसऱ्या महायुद्धात इथे लढाऊ विमानांचा तळ होता. युद्ध संपल्यावर विमानतळाभोवतीच्या रस्त्यावरच 1948 साली शर्यती सुरू झाल्या. एक फेरी साधारण 3.8 किलोमीटरची. 1966 साली शर्यती बंद पडल्या आणि 1998 साली पुन्हा सुरू झाल्या, त्या फक्त जुन्या मोटारींच्या. दर सप्टेंबरात तीन दिवस ही जत्रा भरते. गंमत म्हणजे बघणारेसुद्धा त्याच काळातले कपडे घालून येतात. बायकांच्या डोक्यावर जुन्या घाटाच्या हॅट्स, हातात मोजे. मला मात्र काय घालू हा प्रश्नच पडला नाही. सासूबाईंची जुनी नारायणपेठी नेसले. साडीला साल विचारतं कोण?

जॅग्वार, ॲस्टन मार्टिन, ऑस्टिन-हीली, एम. जी. अशा त्या बसक्या, गोलसर गाड्या आणि कानठळ्या बसवणारा आवाज! हवेत एक ओळखीचा वास येत होता. आजोबा म्हणाले, शर्यतीच्या जुन्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल घालतात. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल असं परमुलखात भेटेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं!

हे आजोबा मामंजींच्याच वयाचे. 1959 साली, चौदा वर्षांचे असताना, ते इथेच कठड्याला टेकून उभे होते. त्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस हा नामांकित चालक ॲस्टन मार्टिनकडून उतरला होता. त्याची गाडी जोडीदाराने पेट्रोल भरायला आणली आणि तिने पेट घेतला. कंपनीची ती जागाच जळाली. तेव्हा ग्रॅहॅम व्हाइटहेड या खासगी स्पर्धकाने आपली गाडी शर्यतीतून काढून घेतली आणि आपली जागा कंपनीला दिली. मॉस कंपनीच्या दुसऱ्या गाडीत बसला, शर्यत जिंकला आणि त्या वर्षीचं जागतिक अजिंक्यपद ॲस्टन मार्टिनला मिळालं. "जिंकलेला सगळ्यांना आठवतो," आजोबा म्हणाले, "मला जागा देणाराही आठवतो."

आणि बरं का, वेगाचं वेड त्या घरात एकट्या मॉसला नव्हतं. त्याची आईही मोटारींच्या स्पर्धांत भाग घ्यायची. धाकटी बहीण पॅट हिने तर 1960 साली ॲन विज्डम या मैत्रिणीला सोबत घेऊन लिएज-रोम-लिएज ही अतिशय कठीण रॅली जिंकली, पुरुषांना मागे टाकून!

चालत चालत आम्ही सेंट मेरी नावाच्या वळणापाशी आलो आणि आजोबा गप्प झाले. 23 एप्रिल 1962 रोजी, ईस्टरच्या सोमवारी, इथेच मॉसची लोटस गाडी भरधाव मातीच्या बांधावर आदळली. पत्रा कापून त्याला बाहेर काढायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. महिनाभर तो बेशुद्ध होता आणि सहा महिने डाव्या अंगात बळ नव्हतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा याच रस्त्यावर एकटा गाडी चालवून बघायला आला. फेरीची वेळ फारशी वाईट नव्हती. पण पूर्वी जे हात आपोआप करत, ते आता विचार करून करावं लागतंय, हे त्याचं त्याला कळलं. त्याने व्यावसायिक शर्यती सोडल्या, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी! आपण जरा घाईच केली, असं तो पुढे म्हणायचा. नंतर हौसेने जुन्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घेत राहिला आणि 2011 साली, वयाच्या 81 व्या वर्षी, गाडी चालवताना स्वतःचीच भीती वाटली म्हणून तेही थांबवलं. 2020 साली तो गेला.

"तुम्ही गाडी कधी सोडलीत?" मी भीतभीतच विचारलं. आजोबा हसले. "गेल्या वर्षी. मुलीने किल्ली मागितली नाही, म्हणून देता आली."

तुमचा तिकडे जायचा योग आला, तर लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून चिचेस्टरला थेट आगगाडी आहे. तिकिटं मात्र आधी काढून ठेवा. चालणं भरपूर आहे तेव्हा पायांत सोयीच्या चपला हव्यात, आणि कानांत घालायला कापूस विसरू नका.

घरी परतल्यावर रात्री जेवताना सगळ्यांना हे सारं सांगितलं. स्कूटरचं नावही काढलं नाही. मामंजींनी एवढंच विचारलं, "वेळ वाईट नव्हती म्हणतेस, मग त्याला कळलं कसं?"

"हातांना विचार करावा लागत होता म्हणे."

ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी मंडईला निघाले, तेव्हा पिशवी घेऊन माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. "सूनबाई, आज तू चालव. पण कोपऱ्यावर सावकाश, तिथे खडी आहे."

त्यांची स्कूटर अजून अंगणात आहे. दर रविवारी ते ती पुसतात. किल्ली त्यांच्याच खिशात असते. आम्ही ती मागत नाही.