ब्रेट हरला, त्याची गोष्ट

एक छोटी टेस्ट घेऊ? रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स. हे पाच शब्द वाचून ज्यांच्या डाव्या हाताची बोटं आपोआप पत्ते धरल्यासारखी वाकली, ते आपले. बाकीच्यांनीही पान उलटू नका, कारण ही गोष्ट फिरून फिरून शेवटी ऑफिसातच येणार आहे.

१९९३ची मे महिन्याची सुटी. कोल्हापूर, शिवाजी पेठ. मी अकरा वर्षांचा. आम्ही पाच-सहा चुलत-आते भावंडांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि त्याच्यासोबत एकच कॅसेट. आदल्या वर्षीच्या ‘समरस्लॅम’ची. तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूई नव्हतं, डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. पांडा चिन्हवाल्या वन्यजीव संस्थेशी कोर्टकचेरी होऊन २००२मध्ये शेवटचं अक्षर बदललं, पण आमच्या पिढीच्या तोंडातून ते अजून गेलेलं नाही.

आमची माहिती पक्की होती. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झालाय, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त खात्रीने माहीत होतं. आणि माझा हिरो होता ब्रेट ‘हिटमॅन’ हार्ट. गुलाबी-काळा ड्रेस, तेलकट केस, आणि रिंगमध्ये येताना डोळ्यांवरचा चकचकीत गॉगल काढून पुढच्या रांगेतल्या एखाद्या लहान पोराच्या डोळ्यांवर चढवायची त्याची स्टाइल. ते पोर मी असावं, एवढीच माझी तेव्हाची महत्त्वाकांक्षा.

कॅसेट सुरू झाली आणि आम्ही गप्पच झालो. एरवी या कुस्त्या बंद हॉलमध्ये व्हायच्या. हे चक्क लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम होतं. १९२३मध्ये बांधलेलं, दोन पांढऱ्या मनोऱ्यांचं, जिथे इंग्लंडने १९६६चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकला ते. शनिवार, २९ ऑगस्ट १९९२. कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ८०,३५५. उत्तर अमेरिकेबाहेर भरवलेला त्यांचा हा पहिलाच मोठा शो, आणि अमेरिकेतल्या लोकांना तो दोन दिवसांनी पे-पर-व्ह्यूवर बघायला मिळाला. सुरुवातीच्या मॅचेस स्वच्छ उजेडात. लीजन ऑफ डूमचे दोघे मोटरसायकलींवरून आले. अंडरटेकर शववाहिकेच्या मागे उभा राहून, मुंगीच्या पावलाने आला. वॉरियरने रँडी सॅव्हेजला हरवलं, पण काउंट-आउटवर, त्यामुळे बेल्ट सॅव्हेजकडेच राहिला आणि आमच्यात त्यावरून एक खरीखुरी मारामारी झाली.

त्या आवाजाने आबा उठून आले.

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, खासबाग मैदानातल्या कुस्त्या वर्षानुवर्षं पाहिलेले. शाहू महाराजांनी १९१२मध्ये बांधलेलं ते मैदान म्हणजे आबांचं वेम्ब्ली. श्रीपती खंचनाळे १९५९मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, ही गोष्ट ते घरातलं लग्न सांगावं तशी सांगायचे. आमचं हे डब्ल्यूडब्ल्यूएफचं वेड त्यांना साफ नामंजूर. दारात उभं राहून दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, “आरं, ही नुरा कुस्ती हाय. ठरवून चाललंय सगळं.”

नुरा कुस्ती म्हणजे दोन्ही पैलवानांनी आधीच संगनमत केलेली लढत. मैदानात अशी कुस्ती झाली की जाणकारांच्या लगेच लक्षात येतं आणि शिट्ट्या सुरू होतात. आबांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नव्हती.

आम्ही अर्थातच चिडलो. खोटं असेल तर रक्त कसं येतं, वगैरे. गंमत म्हणजे आबा म्हणत होते ते कंपनीने स्वतःच कबूल केलं होतं. १९८९मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे त्यांनी सांगितलं होतं की आमचा हा खेळ म्हणजे स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कारण साधं. स्पर्धा म्हटली की सरकारी नियम आणि कर आलेच. पण शिवाजी पेठेत ही बातमी पोहोचली नव्हती.

शेवटची मॅच लागली. तोवर वेम्ब्लीवर अंधार पडला होता. ब्रेट हार्ट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग. बेल्ट ब्रेटचा, दुसऱ्या नंबरचा, इंटरकॉन्टिनेन्टल. एरवी शेवट जगज्जेतेपदाच्या मॅचने व्हायचा, पण इथे बुलडॉग, म्हणजे डेव्ही बॉय स्मिथ, इंग्लंडचा पोरगा. त्याच्यासोबत ब्रिटनचा झेंडा घेऊन बॉक्सर लेनॉक्स लुईस आला. आणि प्रेक्षकांत बसली होती डायना. बुलडॉगची बायको. ब्रेटची सख्खी बहीण.

हे नातं इंग्लिश मीडियममधल्या दादाने कॉमेंट्री ऐकून आम्हाला सांगितलं. आबा अजून दारातच होते. ते हसायला लागले. “दाजी हाय व्हय त्यो त्येचा? मग कसा पाडंल? घरात भन जेवाय वाढणार न्हाई.”

पण ते गेले नाहीत. हळूच खाली बसले. पुढची पंचवीस मिनिटं त्यांनी तंबाखूच्या पिशवीला हात लावला नाही.

मॅच अजूनही मिळते, बघा. धिंगाणा नाही, खुर्च्या-टेबलं नाहीत. पकड, सोडवणूक, पुन्हा पकड. बुलडॉग ताकदीचा, ब्रेट डोक्याचा. एका क्षणी दोघंही दमून आडवे पडलेत, आणि ब्रेट पडल्या पडल्याच पायांनी बुलडॉगचे पाय अडकवतो आणि त्याला उलटा करून आपला शार्पशूटर लावतो. आम्ही गादीवर उड्या मारल्या. बुलडॉग कसाबसा दोरीपर्यंत पोहोचला. त्याआधी बुलडॉगने पॉवरस्लॅम मारला होता, त्यातून ब्रेट सुटला होता. आणि शेवटी ब्रेट त्याच्या अंगावरून कोलांटी घेऊन त्याला मागे खेचायला गेला, बुलडॉग जागच्या जागी खाली बसला, ब्रेटचे पाय दाबले, रेफरीने तीन मोजले. खलास.

ब्रेट हरला. स्टेडियम पेटलं होतं. आधी ब्रेट हात न मिळवताच निघाल्यासारखं करतो, मग वळतो आणि दाजीला मिठी मारतो. डायना रिंगमध्ये येते. फटाके.

मी उशीत तोंड खुपसून रडत होतो. आबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “रडतोस कशाला? खालचा गडी वस्ताद हाय. त्योच लढवून घ्यायलाय दुसऱ्याला.”

मला वाटलं, म्हातारा समजूत काढतोय. विषय संपला. आबाही काही वर्षांनी गेले.

बरोबर १४ वर्षांनी, २००७मध्ये, ब्रेट हार्टचं आत्मचरित्र आलं. त्यात त्या रात्रीची हकिकत आहे. ब्रेटच्या म्हणण्यानुसार डेव्ही त्याआधीचे काही आठवडे ड्रग्जच्या नादात होता. मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि त्याने ब्रेटला सांगून टाकलं की मला काहीच आठवत नाहीये. घरच्या मैदानावर, ८० हजार लोकांसमोर, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मॅचमध्ये माणूस कोरा पडला होता. आणि ब्रेटने उरलेली सगळी मॅच त्याला कानात सांगत सांगत ओढत नेली.

हे कसं करतात, तेही भारी आहे. आपल्याला वाटतं, हेडलॉक म्हणजे मान आवळणं. खरं तर तोंड कानाजवळ न्यायची ती सगळ्यात सोयीची जागा. केस चेहऱ्यावर आलेले असतात, कॅमेऱ्याला ओठ दिसत नाहीत, आणि पुढचे दोन-तीन डाव पटकन सांगून होतात. मग सुटायचं, धावायचं, आपटायचं, पुन्हा पकड, पुन्हा कानात. म्हणजे ब्रेट एकाच वेळी स्वतःची मॅच लढत होता, समोरच्याची लढत होता, त्याला इजा होऊ देत नव्हता, आणि शेवटी त्याच्याकडून हरतही होता.

पुस्तकातली ती पानं मी पुण्यात, हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये वाचली. आणि वाचता वाचता मला आबांचं वाक्य आठवलं. इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या, तो सगळा प्रकार नुरा म्हणून मोडीत काढणाऱ्या माणसाने निव्वळ दोन शरीरं बघून ओळखलं होतं की कोण कोणाला चालवतंय. तालमीत वस्ताद नव्या पोराला असंच लढवून घेतो म्हणे. स्वतः पडतो, पण कसा पाडायचा हे पडता पडता त्याच्या हातांना शिकवतो.

आता ऑफिस. प्रॉमिस केलं होतं.

२००८. परदेशी क्लायंटसमोर डेमो. प्रेझेंट करणार होता माझा मित्र, एकाच वेळी जॉइन झालेलो आम्ही. तीन रात्री झोप नाही. चौथ्या स्लाइडला गडी कोरा. स्क्रीनकडे बघतोय, आवाज बंद. मी शेजारी बसलो होतो. माझ्या लॅपटॉपवर नोटपॅड उघडलं, फॉन्ट मोठा केला आणि एकेक वाक्य टाइप करत गेलो. तो वाचत गेला. प्रश्नोत्तरांतही तेच. ४० मिनिटं. क्लायंट खूश. त्याचं नाव घेऊन कौतुकाची मेल आली. सहा महिन्यांत तो ऑनसाइट गेला. माझ्या अप्रेझलमध्ये आलं, ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’.

ब्रेटचं पुस्तक वाचून मी फार थोर वगैरे झालो होतो असं समजू नका. मी जाम जळलो. भांडलो नाही, आपल्यासारखे लोक भांडत नाहीत. फोन उचलणं बंद केलं. वाढदिवसाला ‘एचबीडी’ एवढी तीन-चार अक्षरं. हे असं १५ वर्षं.

गेल्या वर्षी एका रविवारी ती मॅच मी पुन्हा पाहिली, मोबाइलवर. जुनं वेम्ब्ली केव्हाच पाडलं, २००७मध्ये त्या जागी नवं उभं राहिलं. डेव्ही बॉय स्मिथ मे २००२मध्ये गेला, हार्ट ॲटॅकने, वयाच्या ३९व्या वर्षी. त्याच्या आधी त्याचं आणि डायनाचं लग्नही मोडलं होतं. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रात्र मात्र तिथेच आहे, जशीच्या तशी, आणि ती त्याला मेहुण्याने करून दिलेली आहे. ब्रेटचं तरी काय बिघडलं? त्या हरण्यानंतर दीड महिन्यात, १२ ऑक्टोबर १९९२ला, तो रिक फ्लेअरला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन झाला. आणि कारकिर्दीतल्या सर्वांत आवडत्या मॅचेसमध्ये तो आजही ही हरलेली मॅच धरतो.

पण एक गोष्ट मला या वेळी नव्याने दिसली. ब्रेट गप्प बसला नाही. त्याने पुस्तकात लिहिलं, मुलाखतींमध्ये सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. एवढा मोठा वस्ताद, तरी ‘ती मॅच मी ओढली’ हे जगाला कळावंसं त्यालाही वाटलंच. मला एकदम बरं वाटलं. दुसऱ्याला पाठीवर घेणं आणि नंतर पाठ दुखतेय म्हणणं, दोन्ही एकाच माणसाला जमतं तर.

त्याच दुपारी मित्राला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, “त्या डेमोनंतर तू मला साधं थँक्स पण म्हणाला नव्हतास.”

तिकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, “अरे येड्या, मी तुझ्या गळ्यात पडून रडलो होतो. पार्किंगमध्ये. मग आपण मिसळ खायला गेलो. तू दोन एक्स्ट्रा पाव घेतलेस, पैसे मी दिले.”

आणि मला पार्किंग आठवलं. मिसळही आठवली. तर्री जास्त झाली होती, तेही. १५ वर्षं मी फक्त अप्रेझलचा कागद जपून ठेवला होता, मिठी कधीच डिलीट केली होती.

रात्री त्याला मॅचची लिंक पाठवली. सोबत आबांचं वाक्यही लिहिलं, आणि खालचा गडी कोण ते नीट बघ, असं बजावलं. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला.

“पाहिली पूर्ण. कळलं. थँक्स, आता लेखी घे. पण बॉस, शेवटी जिंकला बुलडॉगच ना?”