फाटण्याच्या अलीकडे

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान थाटलं, आणि पुढे जगभरच्या गिटारवाल्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवताना त्याचा कान रेडिओवाल्याचाच राहिला. रेडिओवाल्याच्या लेखी आवाज फाटला म्हणजे बिघाड झाला. त्याची सुरुवातीची गिऱ्हाइकंही कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारी. स्टील गिटारचा सूर नाचणाऱ्यांच्या गर्दीतून शेवटच्या भिंतीपर्यंत निर्मळ पोचावा, एवढंच त्यांचं मागणं.

या निर्मळपणाच्या हट्टाचं टोक म्हणजे १९६३ साली आलेला ट्विन रिव्हर्ब. ८५ वॉट, पॉवरचे चार व्हॉल्व्ह, बारा इंची दोन स्पीकर, आणि उचलायला निघालात तर कंबर आठवण ठेवील असं वजन. त्याचा आवाज वाढवत न्या. खिडक्यांची तावदानं थरथरू लागतात, पण सुराला सुरकुती पडत नाही. मला हा अ‍ॅम्प प्रिय आहे. पण ब्लूज वाजवायला बसलं की त्याचा सोज्वळपणा बोचायला लागतो. तारेवर जीव तोडून आघात करावा, आणि समोरून शांत, सभ्य उत्तर यावं! हा गृहस्थ चिडतो, नाही असं नाही. पण चिडेपर्यंत शेजारी दारात येऊन उभे राहिलेले असतात.

व्हॉल्व्हच्या पोटात चिडणं कसं घडतं, ते पाहण्यासारखं आहे. तापलेल्या कॅथोडकडून इलेक्ट्रॉन निघतात, वाटेतली ग्रिड त्यांना अडवते किंवा सोडते. गिटारकडून येणारी नाजूक लहर त्या ग्रिडला हलवते आणि तिचीच मोठी प्रतिमा पलीकडे उमटते. लहर फार उसळली, की एका बाजूला व्हॉल्व्ह पुरता मिटतो, दुसऱ्या बाजूला ग्रिडच प्रवाह खाऊ लागते. लहरीचे माथे बसतात, आणि दोन्ही बाजूंचे सारखे बसत नाहीत. या असमान बसण्यातून मूळ स्वरात नसलेले स्वरांश जन्मतात. मूळ स्वराला मध्य षड्ज म्हटलं, तर दुसरा स्वरांश म्हणजे तार षड्ज आणि तिसरा तार पंचम. चांगला व्हॉल्व्ह हे हळूहळू करतो. कुठून फाटायला लागलं ते कानाला नेमकं दाखवता येत नाही.

मिरजेच्या तंबोरे बनवणाऱ्यांना हे नवल वाटणार नाही. तंबोऱ्याची तार घोडीवरून स्वच्छ सुटली तर आवाज मुका येतो. म्हणून घोडीचा माथा किंचित उतरता घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि तार घोडीला घासून जाईल न जाईल अशा जागी आणायची. मग जवारी बोलते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हात घालणारा माणूसही अशीच जागा शोधत असतो.

ती जागा अमेरिकेत आधी अपघाताने सापडली. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारच्या अ‍ॅम्पला वाटेत इजा झालेली होती. त्यात कागद कोंबून काम भागवलं, आणि ती घरघर तबकडीवर कायमची बसली. पुढे किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर ब्लेडने स्पीकरच चिरला. सर्किट बदलून तोच गुण आणायचा प्रकार कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने साठच्या दशकाच्या अखेरीस केला. एका मित्राच्या छोट्याशा फेंडर प्रिन्स्टनच्या खोक्यात त्याने गंमत म्हणून कितीतरी ताकदवान बासमन अ‍ॅम्पचं सर्किट बसवलं आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सान्तानाने तो वाजवून पाहिला आणि खूश होऊन जे उद्गार काढले, त्यातून त्या अ‍ॅम्पचं ‘बूगी’ हे नाव निघालं. चेष्टेतून धंदा उभा राहिला.

ट्विनमध्येही तोच गुण आणता येतो. त्याच्या सर्किटमध्ये टोनची बटणं सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या दोन पायऱ्यांच्या मधे बसतात आणि सिग्नलचा मोठा वाटा गिळतात. त्यातही मधल्या पट्टीचा जास्त. ट्विनवर मधल्या पट्टीचं बटण १० किलोओहमचं असतं. तिथे २५चं लावलं, की तीच पट्टी भरते, पुढच्या व्हॉल्व्हला जास्त सिग्नल मिळतो आणि तो लवकर उसळतो. स्पीकरकडून मागे आणलेला निगेटिव्ह फीडबॅक सोडवला, तर अ‍ॅम्पचा ताठरपणा उतरतो. रिकाम्या पडलेल्या दुसऱ्या चॅनलचा व्हॉल्व्ह वाटेत घेऊन आणखी एक पायरी चढवता येते. चारांतले दोन पॉवर व्हॉल्व्ह काढण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्यात स्पीकरचा ओहमही जुळवावा लागतो, आणि ताकद निम्मी होऊनही आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. शेजाऱ्यांना फरक कळायचा नाही.

हे करताना भीती बाळगावी. आत चारशेहून अधिक व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून बसतात. ते रेझिस्टरमधून उतरवावेत, मीटरने खात्री करावी, जुन्या कारागिरांसारखा एक हात खिशात ठेवावा. याची सवय नसेल तर काम जाणत्याकडे द्यावं. चासीला भोक पाडू नये. काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून खोक्यातच ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला परतीची वाट राहील. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी एकेक तार हाताने जोडून हा अ‍ॅम्प उभा केला आहे. त्या हातांचा एवढा मान राखायलाच हवा.

काम जमलं की नाही, हे बोटं सांगतात. हलका स्पर्श केला तर जुना निर्मळ सूर जसाच्या तसा यावा, जोर दिला तर त्याच सुराला धार चढावी, गिटारचं बटण थोडं मागे घेतलं की पुन्हा शांत व्हावं. हलक्या बोटालाही तो गुरगुरत असेल, तर फेरफार जास्त झाला. ज्याला सदासर्वदा फाटलेलाच आवाज हवा, त्याने खुशाल पेडल घ्यावं. ते स्वस्त पडतं. जुन्या ट्विनला हात त्यानेच लावावा, ज्याला त्याचा निर्मळ सूरही तितकाच हवा आहे.