थापलिंगचा घाट

पुण्याहून नाशिकच्या वाटेनें जातांना मंचर मागें पडलें, कीं आधीं घोडनदी व पुढें नारायणगांवास मीना आडवी येते. आंबेगांव व जुन्नर तालुक्यांचा हा मुलूख बैलगाड्यांच्या शर्यतींचा शौकीन. न्यायालयानें २०१४ सालीं घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर उठली व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानेंही शर्यतींस मान्यता दिली. पौषी पौर्णिमेस नागापूरनजीक थापलिंगच्या टेकडीवर खंडोबाची यात्रा भरते, तेथील घाट पाहावयास आम्ही गेलों.

येथें घाट म्हणजे चढाची धांवपट्टी. तीवर एका वेळीं एकच गाडा सुटतो. चुरस घड्याळाच्या सेकंदांशीं. शेजारीं प्रतिस्पर्धी नाहीं, पण दोहों अंगांस माणसांची भिंत उभी. मुरलेले बैल त्या आरोळीसरशीं बाणासारखे सुटत. एक कोवळा खोंड मात्र बुजून जागींच अडला.

जवळचे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "सायेब, खोंडाचा दोष न्हाई. आधी रानात एकट्याला पळवावं, अंगवळणी पडलं की मग गर्दीत आणावं."

ह्या शब्दांनीं मी चपापलों. अमेरिकेंत ट्रिप्लेट ह्यांनीं १८९८ सालीं मुलांकडून दोरा गुंडाळण्याचीं रिळें फिरवून घेतलीं, तेव्हां सोबती असतां कित्येकांचा हात जलद चालला, तर कांहींचा गडबडून मंदावला. १९६५ सालीं झायन्स ह्यांनीं त्याचें कारण सुचविलें : इतरांच्या उपस्थितीनें मन उत्तेजित होतें, त्यामुळें अंगीं मुरलेलें काम अधिक चांगलें होतें व नवखें बिघडतें. हें मीं वाचलें होतें. पण घरांत वापरलें नव्हतें.

गेल्या गणेशचतुर्थीस माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्यास मीं पाहुण्यांदेखत अथर्वशीर्ष म्हणावयास लावलें. पाठ अर्धाच झालेला. पोर तिसऱ्या ओळीसच अडखळलें. "आळशी आहेस," असें मीं सर्वांसमक्ष म्हणालों. तेव्हांपासून त्यानें पुस्तकास हात लावला नव्हता. तो खोंड माझ्याच घरांत होता, आणि त्यास घाटांत उभा करणाराही मीच.

परतल्यावर मीं त्याला माडीवर बोलाविलें. "बाळ, त्या दिवशीं चूक माझी झाली. आपण दोघेच म्हणूं," असें म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला, मग हळूच पहिली ओळ म्हणाला. आतां रोज संध्याकाळीं आम्ही बसतों. अजून पाहुण्यांस बोलाविलें नाहीं. प्रथम आजीस ऐकवावयाचें, असें त्यानेंच ठरविलें आहे.